झाड पाहावयास निघताना

शास्त्रपाठ : यिर्मया १०:१-५, लूक २:८-२०

नाताळच्या दिवसांत सायंकाळी मिळून शहरातील सजविलेली झाडे पाहावयास जाऊ, असा बेत तरुणांनी केला की मंडळीतील कोणी वडीलधारे यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात. रानातील झाड तोडावे, ते सोन्यारुप्याने सजवावे, हलू नये म्हणून खिळ्यांनी ठोकावे, हे सारे व्यर्थ असल्याचे संदेष्टा तेथे सांगतो. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये; तो वचनाच्या आदरापोटीच घेतला जातो.

पण तोच उतारा नीट वाचा. तेथे झाडावर कारागिराचे हत्यार चालते, म्हणजे लाकडाची मूर्ती घडते. तिला चालता येत नाही, म्हणून उचलून न्यावे लागते. काकडीच्या मळ्यातील बुजगावण्यासारखी ती मुकी असते. तिचे भय धरू नका, तिच्याने बरे होत नाही आणि वाईटही होत नाही, हा त्या वचनाचा रोख आहे. घरात नाताळचे झाड सजविण्याची चाल जर्मन प्रदेशात सोळाव्या शतकाच्या सुमारास रूढ होऊ लागली. ती यिर्मयाच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नाही. झाडाविषयीचा वाद माझ्या मते येथे मिटतो. काय पाहावयास निघावे, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्यासाठी लूककडे वळले पाहिजे.

मेंढपाळही रात्रीच निघाले, आणि एकमेकांशी बोलून, मिळून निघाले. बेथलेहेमात घडलेली जी गोष्ट त्यांना पाहावयाची होती, तिच्यासाठी पंधराव्या वचनात ‘ऱ्हेमा’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा साधा अर्थ उच्चारलेला शब्द. परंतु इब्री ‘दाबार’प्रमाणे तो घडलेल्या घटनेसही लागतो. (आपला ‘गोष्ट’ हा शब्द हे ओझे बराचसा पेलतो. गोष्ट सांगतातही आणि गोष्ट घडतेही. भाषांतरकाराला असे भाग्य क्वचितच लाभते!) देवदूताने सांगितलेले वचन घडले होते, आणि ते वचन डोळ्यांनी पाहावयास ते गेले. सतराव्या वचनात ते इतरांस कळवितात आणि एकोणिसाव्यात मरीया ते मनात जपते. दोन्ही ठिकाणी शब्द हाच आहे.

आता अमेरिकेतील बॉस्टन शहर पाहा. त्याच्याशी आपले जुने नाते आहे. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी भाषांतराला हात घालणारे गॉर्डन हॉल ह्यांस ज्या अमेरिकन बोर्डाने पाठविले, त्याचे मुख्य कार्यालय पुढे दीर्घकाळ ह्याच शहरात होते. तेथील ‘बॉस्टन कॉमन’ ह्या मैदानावर दरवर्षी एक उंच झाड उभे राहते. ते कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताहून येते.

६ डिसेंबर १९१७ रोजी त्या प्रांतातील हॅलिफॅक्स बंदरात दोन जहाजांची टक्कर झाली. त्यांतील ‘माँ-ब्लाँ’ स्फोटकांनी भरलेले होते. जळते जहाज पाहावयास लोक खिडक्यांपाशी जमले, तोच स्फोट झाला. सुमारे २,००० माणसे मेली, सुमारे ९,००० जखमी झाली आणि फुटलेल्या काचांनी कित्येकांचे डोळे गेले. त्याच रात्री बॉस्टनहून डॉक्टर व परिचारिका घेऊन आगगाडी निघाली आणि हिमवादळातून वाट काढीत ८ तारखेस पोहोचली. पुढल्या वर्षी नोव्हा स्कोशियाने उपकारस्मरणार्थ बॉस्टनला झाड पाठविले. १९७१ पासून ते दरवर्षी येते.

त्या झाडापाशी येणाऱ्यांना हे कोणी न सांगितल्यास काय दिसेल? दिवे. यिर्मया म्हणतो तसे झाड मुकेच असते. त्याची गोष्ट कोणी तरी सांगावी लागते.

कॉमनवरून बागेतून पश्चिमेकडे चालत गेल्यास अर्ध्या तासाच्या आत कॉपली चौक लागतो. तेथेही नाताळात झाड असते, आणि समोर ट्रिनिटी चर्च. फिलिप्स ब्रुक्स १८६९ पासून १८९१ पर्यंत ह्या मंडळीचे पाळक होते. त्यापूर्वी, १८६५ साली नाताळच्या आदल्या दिवशी, ते यरुशलेमेहून घोड्यावरून बेथलेहेमास गेले आणि मेंढपाळांचे शेत म्हणून दाखविली जाणारी जागा त्यांनी पाहिली. बेथलेहेमावरील त्यांचे सुप्रसिद्ध गीत १८६८ चे, म्हणजे तीन वर्षांनंतरचे आहे. पाहिलेले मनात मुरावयास एवढा काळ लागला.

आपला गट निघेल तेव्हा पहिल्या झाडापाशी लूकचा हा भाग वाचा. दोन-तीन मिनिटे पुरतात. वाचणाऱ्याने घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावा, कारण रस्त्यावरच्या गलबल्यात हळू वाचलेले मागच्यांस ऐकू जात नाही.