आचार्य सत्येंद्रनाथ बोस

जी गोष्ट आपल्यालाच नीट पटलेली नाही, ती विद्यार्थ्यांना शिकवावी कशी? हा प्रश्न प्रामाणिक शिक्षकाला अस्वस्थ करतो. अशाच अस्वस्थतेतून एका भारतीय प्राध्यापकाच्या हातून जगन्मान्य शोध लागला. त्यांचे नाव सत्येंद्रनाथ बोस.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यास झाला. शिक्षण संपल्यावर ते तेथील विद्यापीठातच शिकवू लागले. पदार्थविज्ञानातील नवे विचार त्या काळी बहुधा जर्मन भाषेत प्रसिद्ध होत. सत्येंद्रनाथांनी ती भाषा आत्मसात केली, आणि सहाध्यायी मेघनाद साहा यांच्यासह आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले.

१९२१ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या ढाका विद्यापीठात गेले. तापलेल्या पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाविषयीचा प्लांक यांचा नियम ते वर्गात शिकवीत. नियम प्रयोगांशी जुळत होता. परंतु त्याच्या सिद्धतेत जुन्या व नव्या कल्पनांची सरमिसळ होती. ती सत्येंद्रनाथांच्या मनास पटेना. त्यांनी प्रकाशकणांची मोजणी निराळ्या रीतीने केली.

ही रीत एका उदाहरणाने पाहू. दोन नाणी उडविली, तर चार प्रकार संभवतात : दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिले छापा व दुसरे काटा, पहिले काटा व दुसरे छापा. नाणी वेगवेगळी ओळखता येतात, म्हणून शेवटचे दोन प्रकार भिन्न ठरतात. प्रकाशकणांत मात्र 'हा पहिला, तो दुसरा' असा भेद करताच येत नाही. म्हणून तेथे ते दोन प्रकार मिळून एकच धरावयाचा, आणि उरलेले तिन्ही प्रकार सारख्याच शक्यतेचे मानावयाचे. अशी मोजणी करताच प्लांकचा नियम निर्दोषपणे सिद्ध झाला.

जून १९२४ मध्ये सत्येंद्रनाथांनी आपला छोटासा निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. कोठे तो जगद्विख्यात पंडित आणि कोठे हा तीस वर्षांचा अपरिचित शिक्षक! पण आइन्स्टाइनने निबंधाचे मोल ओळखले, स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले व तो प्रसिद्ध करविला. अशा रीतीने मोजल्या जाणाऱ्या कणांना पुढे 'बोसॉन' हे नाव मिळाले.

कीर्ती लाभली तरी सत्येंद्रनाथांनी अध्यापन सोडले नाही. युरोपात दोन वर्षे अभ्यास करून ते ढाक्यास परतले. १९४५ मध्ये ते पुन्हा कलकत्ता विद्यापीठात आले. फावल्या वेळी ते एसराज हे तंतुवाद्य वाजवीत. विज्ञान मातृभाषेतून सामान्य जनांपर्यंत पोहोचावे, अशी त्यांची तळमळ होती. त्यासाठी १९४८ मध्ये त्यांनी 'बंगीय विज्ञान परिषद' स्थापन केली व बंगाली विज्ञानमासिक सुरू केले. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला 'विश्वपरिचय' हा विज्ञानविषयक ग्रंथ १९३७ मध्येच त्यांना अर्पण केला होता.

४ फेब्रुवारी १९७४ रोजी हा ज्ञानतपस्वी निवर्तला. मुलांनो, उत्तर बरोबर आले म्हणजे अभ्यास संपला, असे समजू नका. ते का बरोबर आले, हे मनास पटेपर्यंत विचारीत राहा.

अभ्यास

१. प्लांकच्या नियमाविषयी सत्येंद्रनाथांच्या मनाचे समाधान का होत नव्हते?
२. नाणी व प्रकाशकण यांच्या मोजणीतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. सत्येंद्रनाथांचे मातृभाषाप्रेम कोणत्या कार्यातून दिसते?
४. वाक्यांत उपयोग करा : आत्मसात करणे, मोल ओळखणे, मनास पटणे.