महागड्या गाडीचे शॉकप बदलताना

महागडी मोठी गाडी जुनी झाली की तिची किंमत झपाट्याने उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र तशी उतरत नाही. हा हिशेब न करता जुनी गाडी घेणाऱ्या व्यापाऱ्याला शॉकप बदलण्याची वेळ आली की घाम फुटतो. म्हणून हे काम गाडीमालकाने आणि ते हाती घेणाऱ्या कारागिरानेही नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

उदाहरणादाखल बीएमडब्ल्यू कंपनीची पहिली एक्स-५ गाडी घेऊ. १९९९ ते २००६ या काळात ती अमेरिकेतील स्पार्टनबर्ग येथील कारखान्यात तयार झाली. वजन सुमारे २ टन. यापैकी काही गाड्यांना स्पोर्ट सस्पेन्शन असे. म्हणजे नेहमीपेक्षा कडक स्प्रिंग आणि त्यांना साजेसे कडक शॉकप.

गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते आणि उसळतच राहू पाहते. तिला आवर घालणे हे शॉकपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर होताना ते तेल बारीक झडपांतून रेटले जाते आणि उसळीची शक्ती उष्णता बनून निघून जाते. झडपा झिजल्या किंवा तेल गळाले की हा आवर सुटतो.

इथेच स्पोर्ट गाडीचा मालक फसतो. बॉनेट दाबून पाहिले तर गाडी फारशी हलत नाही, म्हणून शॉकप ठीक असल्याचे तो समजतो. वास्तविक तो कडकपणा स्प्रिंगचा असतो. खरी लक्षणे वेगळी आहेत. नळीवर तेलाचा ओघळ दिसणे (पुसटसा ओलावा चालतो), टायर जागोजागी वाटीसारखा खोलगट झिजणे, ब्रेक मारताच नाक खाली जाणे, महामार्गावर लेन बदलताना गाडी डोलत राहणे, खडबडीत रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढणे. शेवटची गोष्ट पैशाची नसून जिवाची आहे. साधारण ८०,००० किलोमीटरनंतर शॉकपची बारकाईने तपासणी करून घ्यावी.

माल मागवताना केवळ गाडीचे नाव सांगू नये. १७ अक्षरी चासी नंबर द्यावा, म्हणजे गाडीला स्पोर्ट बांधणी होती की साधी, ते कळते. कडक स्प्रिंगवर साधा शॉकप बसवला तर तो तिला आवरू शकत नाही. २००६ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या काही एक्स-५ गाड्यांत शॉकपला विजेची वायर जोडलेली असते. तिथे स्वस्तातला साधा शॉकप लावला तर समोरच्या पाटीवर इशाऱ्याचा दिवा लागतो.

शॉकप नेहमी जोडीने बदलावेत. पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा व एक झिजका ठेवला तर गाडीची दोन्ही बाजूंची वागणूक सारखी राहत नाही. त्याच वेळी वरचे माउंटिंग, रबरी बंप स्टॉप आणि धूळ अडवणारे रबरी कव्हरही पाहावे. हे भाग शॉकपच्या मानाने स्वस्त असतात. पण नंतर बदलायचे म्हटले तर मजुरी दुसऱ्यांदा पडते.

कारागीर बंधूंसाठी काही सूचना. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली जाऊ नये, घोडी लावावी. पुढची स्प्रिंग शॉकपवरच दाबून बसवलेली असते. ती योग्य कंप्रेसरशिवाय सोडल्यास हात किंवा डोळा जाऊ शकतो. मागचा शॉकप सोडण्यापूर्वी चाकाच्या आर्मला खालून आधार द्यावा, नाहीतर आर्म खाली लोंबून ब्रेकच्या नळीवर ताण येतो. चकचकीत दांडा पक्कडीने धरू नये. ओरखडा पडला तर सील लवकर जाते. लॉक नट नवेच वापरावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्याच्या स्थितीतच शेवटचे आवळावेत. चाके लोंबत असताना आवळले तर रबर पिळलेले राहून लवकर फाटते. एकनळी गॅस शॉकपमध्ये साधारण २० ते ३० बार दाब असतो, म्हणजे टायरमधील हवेच्या सुमारे दहापट. भंगारात काढताना तो कापू किंवा तापवू नये.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत खराब होतात. मालकाने पक्के बिल घ्यावे, त्यावर किलोमीटर लिहून घ्यावेत आणि काढलेले जुने भाग मागून पाहावेत. कारागिरानेही ते न मागता दाखवावेत. गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते ते यामुळेच.