शाहीर साबळे

आपण रोज परिपाठाला ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हणतो. हे गीत कोणाचे, असे गुरुजींनी विचारले तेव्हा अर्धा वर्ग ओरडला, “शाहीर साबळे!” पण गीत राजा बढे यांनी लिहिले, चाल श्रीनिवास खळे यांनी लावली आणि पहाडी आवाज शाहिरांचा. २०२३ साली ते आपले राज्यगीत झाले.

शाहिरांचे नाव कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म ३ सप्टेंबर १९२३, साताऱ्याकडे वाईजवळच्या पसरणी गावी. वडील भजने गात, आई ओव्या म्हणे. म्हणजे गाणे घरातच होते. शिकायला त्यांना अमळनेरला आजोळी ठेवले. तिथे त्यांना सानेगुरुजी भेटले. शाळा मात्र सातवीपर्यंतच झाली.

पसरणीचे भैरवनाथाचे देऊळ दलितांना उघडावे म्हणून शाहिरांनी खटपट केली. त्यासाठी सानेगुरुजीही पसरणीला आले. आपल्याच गावातल्या मोठ्या माणसांना असे सांगायचे म्हणजे केवढे धाडस! मला तर गाण्यापेक्षा हेच जास्त आवडले.

पोवाड्यांबरोबर त्यांनी मुक्तनाट्ये लिहिली. त्यात गाणी असतात आणि हसवता हसवता चिमटाही काढतात. ‘यमराज्यात एक रात्र’ १९६० साली आले. ‘आंधळं दळतंय’ हे मुंबईतल्या मराठी माणसाच्या हालांवर होते. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण तुम्हांला ठाऊकच आहे.

त्यांच्या पत्नी भानुमती गाणी लिहीत. मुलगा देवदत्त याने ‘ही चाल तुरुतुरु’ला चाल दिली. नातू केदार शिंदे यांनी २०२३ साली आजोबांवर ‘महाराष्ट्र शाहीर’ हा सिनेमा काढला. १९९८ साली शाहिरांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते वारले.

सगळ्यांत मोठे काम म्हणजे ‘महाराष्ट्राची लोकधारा’. गोंधळ, वासुदेव, भारूड, कोळीनाच असे गावोगावचे सगळे त्यांनी एका रंगमंचावर आणले. नाहीतर ते शहरातल्या लोकांना कुठे दिसणार?

आमच्या पनवेलकडे आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. माझी आजी धवलारीण आहे. आता हळदीला डीजे लावतात, मग आजीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. ती म्हणते, “आमची गानी कागदाव नाय, गल्यान हायेत.” आजीला हल्ली दम लागतो. म्हणून मी रोज रात्री तिला एक धवला म्हणायला लावतो नि वहीत लिहितो. आतापर्यंत अकरा झाले. आजी म्हणते, अजून पुष्कळ आहेत.

(इयत्ता चौथी, ता. पनवेल)