सुट्टी शाळेची, हिशेब आपला

आखातातल्या शाळेत नोकरीची संधी आली की गावाकडच्या शिक्षकांचे मला फोन येतात. पगार किती, राहायला जागा मिळते का, मुलांची फी माफ होते का, हे सगळं विचारून होतं. सुट्टीबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. शाळा म्हटल्यावर सुट्टी असणारच, त्यात विचारायचं काय? मी शारजात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवते आहे. शिक्षकांच्या पैशाचं, तब्येतीचं आणि कधी कधी नोकरीचंही नुकसान झालेलं मी पाहिलं, ते बहुतेक वेळा सुट्टीतच. म्हणून पगाराच्या आकड्याइतक्याच बारकाईने सुट्टीचा कागद वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते.

आधी वेळापत्रक समजून घ्या. संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय शाळांचं वर्ष साधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होतं. मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळ्याची डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि मार्चअखेर एक छोटी. ही मार्चची सुट्टी मुलांची. आम्ही तेव्हा उत्तरपत्रिका, निकाल आणि नव्या वर्षाची आखणी यांत बुडालेलो असतो. म्हणजे एप्रिलमध्ये रुजू झालेला शिक्षक जेमतेम तीन महिने शिकवतो आणि त्याला एकदम मोठी सुट्टी लागते. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात हाच काळ सगळ्यात अडचणीचा, कारण हातात पैसे साठलेले नसतात आणि घरची ओढ मात्र टोकाला गेलेली असते.

कोकणातल्या माणसाला तर हे वेळापत्रक खोडसाळच वाटेल. जुलैत घरी पोचावं तर हापूस कधीच संपलेला. गणपतीला थांबावं तर शाळा उघडलेली. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला बसले आणि इथल्या शाळा 25 तारखेला सुरू झाल्या. घरी आरास चालू असताना मी सातवीच्या वर्गात हजेरी घेत होते. लग्नांची तर वेगळीच गंमत. उन्हाळी सुट्टी बहुतांशी चातुर्मासात येते आणि हिवाळी सुट्टीचा बराचसा भाग धनुर्मासात. दोन्ही वेळा आपल्याकडे मुहूर्त काढत नाहीत. भाचरांची लग्नं मी फोनच्या पडद्यावरच पाहिली आहेत. इथे येणाऱ्याने हे आधीच मनाशी पक्कं करावं आणि घरच्यांनाही स्पष्ट सांगावं. नाहीतर दर तुळशीच्या लग्नानंतर रजेच्या अर्जांवरून मुख्याध्यापकांशी वाद ठरलेला. सत्र चालू असताना लग्नासाठी रजा सहसा मिळत नाही. मिळाली तरी बिनपगारी.

आता कराराचं. अमिरातीचा कामगार कायदा, म्हणजे 2021 चा 33 क्रमांकाचा, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. त्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा मिळते. सहा महिने झाले पण वर्ष भरलं नाही, तर महिन्याला दोन दिवस. शाळेची सुट्टी याहून कितीतरी मोठी असते. वरच्या दिवसांचा पगार मिळणार की नाही, पूर्ण मिळणार की अर्धा, हे करारावर ठरतं. आणि एप्रिलमध्ये आलेल्या शिक्षकाचे जुलैपर्यंत सहा महिनेही झालेले नसतात, हे लक्षात घ्या.

माझी मुलाखत मुंबईत झाली. समोरच्या गृहस्थांनी हसतमुखाने सांगितलं, "मॅडम, सुट्टीचा पगार मिळतो, काळजी करू नका." ते खोटं बोलले नव्हते, फक्त अर्धंच बोलले. इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ऑफर लेटरवर मूळ वेतन आणि भत्ते होते, त्यात काही गोम नव्हती. शाळेचं स्वतःचं नियमपत्रक मात्र इथे आल्यावर हातात पडलं. पहिल्या वर्षी उन्हाळी सुट्टीचा पगार जितके महिने काम केलं त्या प्रमाणात, असं त्यात एका ओळीत लिहिलेलं. विमानाचं तिकीट वर्ष पूर्ण झाल्यावर. आणि सुट्टीचा पगार शाळा उघडल्यानंतर, शिक्षक परत हजर झाल्यावर. घरी गेले तेव्हा खात्यात जूनचा पगार होता आणि त्यावरच ऑगस्टअखेरपर्यंत निभवायचं होतं. इथल्या खोलीचं भाडं काही सुट्टीवर जात नाही. त्या वर्षी वडिलांनी न विचारता हातावर पैसे ठेवले. परदेशातून आलेल्या लेकीला बापाने पैसे द्यायचे, हे दोघांनाही फार अवघड गेलं.

तेव्हापासून नव्या माणसाला मी एकच सांगते. ऑफर लेटरवर सही करण्याआधी शाळेचं नियमपत्रक ईमेलवर मागवा. मुलांची शाळा कधी उघडते आणि शिक्षकांनी कधी हजर व्हायचं, या दोन वेगळ्या तारखा असतात. शिक्षकांना बहुधा काही दिवस आधी बोलावतात. सुट्टीच्या आधीच्या किंवा नंतरच्या दिवशी गैरहजर राहिलं तर किती दिवसांचा पगार कापतात, हेही त्या पत्रकात असतं. तिकीट म्हणजे प्रत्यक्ष तिकीट की ठरावीक रक्कम, आणि ती दरवर्षी की दोन वर्षांनी, हेही तिथेच पाहा. ठरावीक रक्कम असेल, तर गर्दीच्या दिवसांत ती जाण्याच्या भाड्यालाच पुरेल असं धरून चाला.

कारण गर्दीच तशी असते. जूनअखेर सगळ्या शाळा एकाच आठवड्यात सुटतात आणि ऑगस्टच्या शेवटी एकाच आठवड्यात उघडतात. आमच्या स्टाफरूममध्ये केरळचे शिक्षक सगळ्यात जास्त आहेत. ती मंडळी फेब्रुवारीतच तिकिटं काढून मोकळी होतात, मग आम्ही जागे होतो. येण्याजाण्याची तिकिटं एकदमच काढावीत. जायचं स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊन परतीचं नंतर बघू म्हणणारे ऑगस्टमध्ये दुप्पट-तिप्पट मोजतात. तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडतं, पण ते पैसे वाया गेले असं समजू नका. ईदच्या सुट्टीची तिकिटं तर फार जपून काढावीत. कॅलेंडरात तारीख छापलेली असली तरी ती चंद्रदर्शनावर एक दिवस पुढेमागे होते आणि सुट्टी जेमतेम काही दिवस आधी जाहीर होते.

परतीचं विमान शाळेत हजर व्हायच्या आदल्या रात्रीचं कधीही घेऊ नका. मध्ये निदान दोन दिवस हवेत. हा अतिसावधपणा वाटेल, पण गेल्या काही वर्षांतल्या घटना आठवा. 16 एप्रिल 2024 ला इथे असा पाऊस कोसळला की दुबईचा विमानतळ पाण्यात गेला आणि पुढचे काही दिवस वेळापत्रक कोलमडलेलं राहिलं. 23 जून 2025 ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, कतारने हवाई हद्द बंद केली आणि ऐन सुट्टीच्या गर्दीत आखातभर विमानं खोळंबली. सगळ्यात वाईट अनुभव 2021 चा. भारतात करोनाची दुसरी लाट उसळली तेव्हा 24 एप्रिलच्या रात्रीपासून अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. रहिवाशांना ठरावीक अटींवर परत येऊ द्यायला 5 ऑगस्ट उजाडला. कुणी वडिलांच्या आजारपणासाठी गेलेलं, कुणी बाळंतपणासाठी. अशी माणसं गावाकडच्या खोलीत बसून, रेंजसाठी फोन खिडकीत टांगून इथल्या मुलांना ऑनलाइन शिकवत होती. त्या काळात सरकारने परवान्यांना सवलत दिली, पण एरवी सलग 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की रहिवासी परवाना रद्द होतो. लांबलेलं आजारपण किंवा बाळंतपण असेल तर हा आकडा डोक्यात ठेवूनच तारखा ठरवा.

मुंबईला उतरलं म्हणजे घरी पोचलं, असंही नाही. जुलैत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते. गाड्यांचा वेग कमी, दरडीची धास्ती. आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवसच आधी मिळतं. म्हणजे विमानाचं तिकीट फेब्रुवारीत आणि रेल्वेचं मेमध्ये, असे दोन वेगळे रिमाइंडर लावावे लागतात. परतताना गणपतीचे चाकरमानी मुंबईहून खाली येत असतात आणि आपण उलट्या दिशेने वर जात असतो. त्यामुळे परतीची रेल्वे त्या मानाने सोपी. रस्त्याने येणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला या. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

घरी पोचल्यावरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. अंगणात पाय ठेवला की शेजारची काकी विचारते, "कधी इलंस गो? परत कधी जातलंस?" माया असते त्यात. पण त्या क्षणापासून आपल्या सुट्टीचं वाटप सुरू होतं. मामीकडे दोन दिवस, नणंदेकडे चार, कुणाच्या मुलाला गल्फमध्ये लावून द्यायचं आहे त्याचा बायोडाटा, घराच्या कौलांचं काम, सातबाऱ्यावरच्या नावाची दुरुस्ती, आईचे गुडघे. पहिली काही वर्षं प्रत्येक ऑगस्टमध्ये मी शारजाला परतायचे ती गेले होते त्याहून जास्त थकून, आणि सप्टेंबरभर घसा बसलेला असायचा. शिक्षकाचा घसा हेच त्याचं हत्यार.

आता मी क्रम ठरवला आहे. पहिले काही दिवस कुणालाही आल्याचं कळवत नाही. कळतंच, गाव आहे, पण मी जात नाही आणि बोलावतही नाही. झोप, पेज, पाऊस, एवढंच. त्यानंतर लगेच आईची तपासणी. डॉक्टरांची वेळ मी शारजाहूनच घेऊन ठेवते, कारण तपासण्यांचे रिपोर्ट हातात येऊन औषध सुरू झालेलं आपल्या डोळ्यांनी बघायला दिवस लागतात. जाण्याच्या आदल्या आठवड्यात दवाखाना काढला तर काळजी बरोबर घेऊन यावं लागतं. मग सरकारी कामं. राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शिवाय ऑगस्टमध्ये सणांच्या सुट्ट्या. तलाठ्याकडचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकलं की ते पुढच्या जुलैवर गेलं. बँकेतलं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घेणंही पहिल्याच भेटीत उरका. परदेशी नोकरीला गेल्यावर जुनं खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, आणि नंतर निस्तरायला गेलं की कागदांची रांग लागते. पाहुणे सगळ्यात शेवटी. नातलग थोडे रुसतात. रुसू द्यावं.

दर सुट्टीत घरी यायलाच हवं, असंही मला आता वाटत नाही. डिसेंबरमध्ये इथली हवा सुरेख असते आणि तिकिटं कडाडलेली. त्या दिवसांत शारजात राहून चालायला जावं, फुजैराच्या डोंगरांत एखादा दिवस काढावा, पुस्तकं वाचावीत. काही सहकारी जॉर्जिया, आर्मेनियाला जातात. अमिरातीच्या रहिवासी परवान्यावर तिथला प्रवेश सोपा आहे, मात्र नियम आणि परवान्याची लागणारी मुदत निघण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. आमच्या एका सहकाऱ्याचा परवाना नूतनीकरणाला टाकलेला होता. विमानतळावरून त्याला सामानासकट घरी यावं लागलं, बायको-मुलं पुढे गेली. पासपोर्ट मात्र नेहमी स्वतःपाशी असू द्या. तो ठेवून घेण्याचा मालकाला इथे अधिकार नाही. सुट्टीला निघताना कार्यालयातून पासपोर्ट "सोडवून" घ्यावा लागतो अशी शाळा असेल, तर तिथे जाण्याचा फेरविचार करा.

शेवटी एक फार गंभीर गोष्ट. सुट्टीत घरी गेल्यावर परतू नये असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आमच्या ओळखीतली एक तरुण शिक्षिका तशीच राहिली. तिने फोन बंद ठेवला आणि शाळेने तिच्याविरुद्ध काम सोडून पळाल्याची तक्रार केली. काही वर्षांनी दुसऱ्या शाळेत चांगली नोकरी मिळाली तेव्हा ती जुनी नोंद आडवी आली. नोकरी सोडायचीच असेल तर सोडावी, त्यात कमीपणा नाही. पण करारातली नोटीस लेखी द्या. कायद्याने ती 30 ते 90 दिवसांची असते, आणि परिवीक्षेच्या काळात नियम वेगळे असतात. वर्ष पूर्ण केलेल्याला ग्रॅच्युइटीही मिळते. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचं मूळ वेतन, पुढे दरवर्षी 30 दिवसांचं. परिवीक्षा संपलेली असेल तर राजीनाम्याची तारीख सुट्टीच्या आधी की नंतर, यावर सुट्टीच्या पगाराचे कितीतरी पैसे अवलंबून असतात. गावातल्या ओसरीवर बसून रागाच्या भरात मेल पाठवू नका. आधी करार काढून वाचा.

येत्या एप्रिलला कुणी इकडे येणार असाल, तर करारपत्र, शाळेचं नियमपत्रक आणि ऑफर लेटर या तिन्हींची एकेक प्रत घरी आईवडिलांकडे ठेवून निघा. आणि पहिल्या उन्हाळ्याचं परतीचं भाडं व दोन महिन्यांचं खोलीभाडं बाजूला काढल्याशिवाय गावी यायची तारीख कुणाला सांगू नका.