डिलिव्हरीवाल्या पोराला सर्कल शिकवलंत का?

व्हिडिओत गाडी दाखवली, पण "सर, सर्कलचं नीट लिहून द्या" अशा कमेंट आल्या, म्हणून हा लेख.

हडपसरला माझं बेकरीच्या कच्च्या मालाचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी नवीन पोरगा ठेवला. बिल करायला शिकवलं, यूपीआय शिकवलं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकवलं. तिसऱ्याच दिवशी स्कूटरवर अंड्यांचे चार ट्रे घेऊन निघाला. सर्कलमध्ये शिरल्यावर बाहेरून एक रिक्षा येताना दिसली आणि याने सभ्यपणाने मध्येच ब्रेक दाबला, तिला जाऊ द्यायला! मागून टेम्पो. 120 अंडी रस्त्यावर, पोराच्या कोपराला सहा टाके. त्याच्या आईला फोन करताना मला काय बोलावं सुचेना. गोड बोलायला त्याला मीच शिकवलं होतं ना!

तर मुद्दा हा. आत जो फिरतोय त्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचं. आपल्याकडे 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत हेच आहे. कारण साधं आहे. बाहेरचे घुसत राहिले तर सर्कल भरतं, आतल्याला बाहेर पडता येत नाही आणि मग सगळेच अडकतात. इंग्लंडमध्येही असं व्हायचं. 1966 मध्ये त्यांनी आतल्याला प्राधान्य दिलं. दुकानाचंच बघा, आतलं गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय नवीन माणूस उभा कुठे राहणार?

आता गाडी घ्या. सर्कलच्या आधी वेग कमी करा, उजवीकडे बघा. जागा मिळाली की डावीकडून शिरा आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरा, म्हणजे मधलं बेट कायम तुमच्या उजव्या हाताला. पहिल्याच रस्त्याला डावीकडे वळायचं असेल तर आधीपासून डावी लेन, डावा इंडिकेटर. उजवीकडे जायचं असेल तर आतली लेन, उजवा इंडिकेटर. आणि कुठेही जायचं असो, आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर द्यायचाच. आतून थेट बाहेर उडी मारायची नाही, आरसा बघत हळूहळू डावीकडे यायचं. सर्कलला सिग्नल असेल तर अर्थातच सिग्नलचं ऐकायचं.

पुण्यात हे कोण पाळतं, असं तुम्ही म्हणणार. खरंय. म्हणून हक्क आपला असला तरी बोटं ब्रेकवर. कोणी घुसलाच तर वेग कमी करा, वाद घालू नका. नियम आपल्या बाजूने असला तरी अंडी आपलीच फुटतात.

नवीन पोराला रविवारी सकाळी सहाला, रिकाम्या गाडीवर, सर्कलला घेऊन जा. स्वतः मागे बसा. प्रत्येक रस्त्याने एकदा बाहेर पडायला लावा.

वळण चुकलं तर? उलटं यायचं नाही, मध्ये थांबायचं नाही. सरळ अजून एक फेरी मारायची, पेट्रोल मी देतो. चार फेऱ्या झाल्या तर मात्र बाहेर पडून, गाडी कडेला लावून मला फोन कर, असं आमच्या पोराला सांगून ठेवलंय.