आधी स्वभाव, मग मांड

ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली व वळणे लयीत आणि डौलात करून दाखविण्याची विद्या होय. २० बाय ६० मीटरच्या रिंगणात घोडा काय करतो याइतकेच तो ते कोणत्या मनःस्थितीत करतो यालाही तिच्यात मोल असते. उड्यांच्या स्पर्धेत खपून जाणारा चंचलपणा येथे पावलोपावली उघडा पडतो, आणि म्हणूनच घोड्याच्या चालीवर भाळून त्याच्या स्वभावाकडे डोळेझाक करणाऱ्या स्वाराला पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

घोड्यांच्या वंशांची उष्ण रक्ताचे, थंड रक्ताचे आणि या दोहोंच्या मधले अशी जी ढोबळ विभागणी केली जाते, तिचा संबंध रक्ताच्या तापमानाशी नसून स्वभावाच्या तिखटपणाशी आहे. अरबी व थरोब्रेड पहिल्या गटात, ओझी ओढणारे धिप्पाड घोडे दुसऱ्यात, तर हानोव्हेरियन व डच वॉर्मब्लड यांसारखे ड्रेसाजमध्ये गाजलेले युरोपीय घोडे तिसऱ्यात मोडतात. मुंबई-पुण्याकडील शिकाऊ स्वाराची गाठ मात्र पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडशी पडते, आणि लगामाच्या ताणावर रेलून पळण्याची सवय जडलेला असा घोडा, स्वाराने घाबरून लगाम आवळला की थांबण्याऐवजी अधिकच जोर करतो. अशा वेळी अधिक कडक कडियाळे, म्हणजे तोंडात बसणारा लगामाचा धातूचा भाग, चढविण्याचा मोह होतो. पण तोंड दुखू लागले की तापट घोडा आणखी बिथरतो. त्यापेक्षा त्याला मोठ्या वर्तुळावर घेणे, वारंवार चाल बदलायला लावणे आणि स्वाराने आपला श्वास व मांड, म्हणजे खोगिरावरील बैठक, संथ ठेवणे हेच गुणकारी ठरते.

तापट घोड्याबाबतचा दुसरा धोका अधिक फसवा आहे, कारण ताणातून आलेली उसळी हाच जोम असे समजण्याची चूक जाणकारांकडूनही होते. पाठ ताठरलेला घोडा दुडकीत पाय उंच उचलतो आणि दिमाखदार दिसतो, परंतु साध्या चालीत त्याचे पितळ उघडे पडते. या चालीत चार टापा चार स्वतंत्र ठोक्यांवर पडायला हव्यात, आणि चाल लांबविली असता मागची टाप पुढच्या टापेच्या ठशाच्याही पुढे उमटायला हवी. ताणलेल्या घोड्याचे मात्र एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलले जातात, चार ठोक्यांचे दोन होतात, आणि एकदा बिघडलेली ही लय पूर्ववत करणे फार अवघड जाते. म्हणून भार मागच्या पायांवर घेऊन चाल आखूड व उंच करण्याचा, म्हणजे एकवटण्याचा, टप्पा अंगातील सैलपणा पक्का होईपर्यंत लांबणीवर टाकणे इष्ट.

थंड स्वभावाच्या घोड्यावर स्वार दर पावलाला टाच मारत राहतो आणि त्यायोगे त्याला टाचेकडे दुर्लक्ष करण्याचेच शिक्षण देतो. येथे एक हलका इशारा, त्याला प्रतिसाद न मिळाल्यास एकच स्पष्ट इशारा, आणि घोडा पुढे सरताच इशारा तत्काळ बंद, हा क्रम पाळावा. भित्र्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचे बुजणे म्हणजे हट्ट नव्हे. रागाच्या भरात घोड्याच्या वाटेला जाऊ नये आणि ज्या वस्तूला तो भितो तिच्याकडे त्याला मारून नेऊ नये, हे ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले आहे. मात्र शांत घोडा अचानक कान मागे पाडू लागला, शेपटी झटकू लागला किंवा खोगीर कसताना चावायला धावू लागला, तर तो स्वभाव मानण्याआधी दात, पाठ, पोटातील व्रण आणि खोगिराचे माप पशुवैद्याकडून व जाणत्या खोगीरवाल्याकडून तपासून घ्यावे.

उत्तम घोडा आणि उत्तम स्वार एकत्र आले की उत्तम जोडी होतेच असे नाही. टोटिलास या घोड्याने एडवर्ड गाल यांच्या मांडीखाली २००९ मध्ये संगीतबद्ध प्रकारात ९० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. २०१० मध्ये तो जर्मनीला विकला गेला, आणि नव्या स्वाराबरोबर, मध्ये दुखापतींचेही अडथळे आल्याने, ती उंची त्याला पुन्हा गाठता आली नाही.

म्हणून घोडा घेताना तो एकदाच, तोही सजवून उभा केलेला पाहू नये. निरनिराळ्या दिवशी आगाऊ न कळवता जावे, मोतद्दार खरारा करत असताना व खोगीर चढवत असताना त्याचे वागणे न्याहाळावे, आणि दुडकीनंतर लगाम सैल सोडल्यावर तो मान खाली लांबवून फुरफुरतो की डोके वर काढून पळू पाहतो हे पारखावे. नवशिक्या स्वाराने मध्यम चालीचा पण समंजस घोडा निवडावा, कारण चाल शिक्षणाने पुष्कळ सुधारते, तर स्वभाव सांभाळून घ्यायला जे कसब लागते ते त्याच्या अंगी अजून यायचे असते.