'पहिलीच वेळ' म्हणणाऱ्यांचे अर्ज

जिल्हा कारागृहात मी कच्चा कैदी होतो तेव्हा बराकीत सरळ मराठी लिहिणारे मोजकेच. त्यामुळे अर्ज लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. नवा माणूस आला की मी विचारायचो, "याआधी काही?" उत्तर ठरलेलं : "नाही मास्तर, पहिलीच वेळ." खोटं बोलत नसत बिचारे. तुरुंग खरंच पहिल्यांदा पाहिलेला असे. पोलीस ठाण्याच्या कागदांवर मात्र त्यांचं नाव कधीच चढलेलं असे.

जामीन अर्जावर कोर्ट सरकार पक्षाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. त्यात तपास अधिकारी पूर्वेतिहास जोडतो : शेजाऱ्याशी भांडणात झालेली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), गणपतीआधी काढलेली चॅप्टर केस, तारीख चुकल्याने निघालेलं वॉरंट. इकडे अर्जात 'यापूर्वी एकही गुन्हा नाही' असं ठोकून दिलेलं. मग अर्जातल्या खऱ्या गोष्टींवरही कोण विश्वास ठेवणार?

रंगकाम करणारा एक पोरगा आठवतो. मोटारसायकल चोरीत आलेला. जामीन मंजूर होता, जामीनदार मिळत नव्हता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 तेव्हा बराकीत सगळ्यांना पाठ झालं होतं. ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की बंधपत्रावर सुटका. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. कायदा 1 जुलै 2024 पासूनचा, पण जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही तो लागू असल्याचं ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टात स्पष्ट झालं, तेव्हा बराकीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पोराला एक वर्ष. त्याने बोटांवर महिनेसुद्धा मोजून ठेवले.

मग निघाली त्याची जुनी पत्त्यांची केस. टपरीमागे तीन पत्ती खेळताना सापडला होता. कुणीतरी कानात सांगितलं, "कबूल कर, दंड भर, लगेच मोकळा." त्याने कबूल केलं, कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसला, दंड भरून घरी गेला. त्याच्या लेखी विषय मिटला. कायद्याच्या लेखी ती शिक्षा होती. एका वर्षाचं दीड वर्ष झालं. पोरगा दोन दिवस जेवला नाही.

म्हणून किरकोळ केस 'मिटवताना' कशी मिटतेय ते विचारा. फिर्यादीशी कायदेशीर तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा. गुन्हा कबूल करून दंड भरला, तर पावती शंभराची असली तरी नावावर शिक्षा. लोकअदालतीच्या गर्दीत हा फरक कुणी समजावत बसत नाही, आणि सही करणाऱ्यालाही घरी जायची घाई असते. पण केस लोंबकळत ठेवणंही महागात पडतं, कारण एकाहून जास्त खटले चालू असले तर कलम 479 ची सुटका मिळत नाही.

चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे, शांतता राखण्याच्या हमीचं बंधपत्र. तरी नोटीस आली की वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. न वाचता सही करू नका. पुढे तडीपारीचा प्रस्ताव निघाला, तर हीच सही समोर येते. तारीख चुकलीच तर दुसऱ्याच दिवशी वकिलासह हजर होऊन वॉरंट रद्द करून घ्या. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि घर बदललं की कोर्टात नवा पत्ता द्या. कितीतरी वॉरंटं नुसती जुन्या खोलीच्या दारावरून परत गेलेली असतात. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या नावाने शोधलं तर विसरलेले खटले सापडतात, मात्र एनसी तिथे दिसत नाही, ती पोलीस ठाण्यातच विचारावी लागते.

आत असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100. त्या वकिलाला पहिल्याच भेटीत पत्त्यांपासून पिऊन केलेल्या दंग्यापर्यंत सगळं सांगायचं, घरचे मुलाखतीला आले की त्यांनाही. आईसमोर लाज वाटते, मान्य. पण जुन्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल काढायला कोर्टात तीच जाणार असते, आणि तिला खटल्याचा नंबर तरी माहीत हवा.